तिच्या मुठीचा चाकू

इब्रामपूर
२ जुलै २०२५

सेजलताय,

तुझा फोन लागत नाही म्हणून पत्र. शाळा सोडल्यापासून मी एवढं कधी लिहिलं नाही, अक्षराला हसू नकोस. पांडुरंगमामा म्हापसा-डिचोली बसवर कंडक्टर आहे तोवर आपल्याला पोस्टाची गरज नाही. बुधवारी तू बाजाराला येतेस, तेव्हा तो स्टँडवर तुझ्या हातात देईल.

निखिल भावजींनी तुझा फोन रागाने आपटला असं आई म्हणाली. वर हसून म्हणाली, "पयलें वरस अशेंच आसता." मला हसू आलं नाही. मेमध्ये मी फणस घेऊन तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तुझी मान बघितली. न्हाणीत घसरले म्हणालीस. ताय, न्हाणीत घसरून मानेवर चार बोटं उठत नाहीत.

पाऊस लागला तसा मोरजीच्या किनाऱ्यावरचा शॅक बंद, म्हणून मी घरी. काम नाही, धंदा नाही. परवा धिरयो बघायला गेलो, कुठे ते लिहीत नाही, झुंजींना बंदी आहे ना. दोन रेडे. एक काळा तकतकीत, पांढऱ्या डोळ्यांचा, दुसरा म्हातारा पण मानेने दांडगा. चिखलात डोक्याला डोकं लावून उभे, हलेनात. लोक शिव्या देत होते. मग म्हाताऱ्याने असा काही हिसका दिला की काळ्याच्या शिंगाचं टोपणच उपटून निघालं. शिंग तुटत नाही गो, वरचं टोपण उतरतं, आत गुलाबी मांस असतं आणि त्यातून रक्त नळासारखं येतं. रेडा पळाला तो माणसांतून. एकाचा पाय तुडवला, हाड बाहेर. सगळे पळाले, मी मात्र ते टोपण उचलायला वाकलो. हातात घेतलं तेव्हा गरम होतं.

कुठे होतो मी? हां, चाकू. शॅकवर एक रशियन गिऱ्हाईक घडीचा चाकू विसरून गेलं. पातं एक नंबर, खटका घट्ट. फक्त मुठीच्या दोन पट्ट्यांतली एक तुटलेली, प्लास्टिकची होती. ती आता मी या शिंगाची करणार, घरीच.

कोणासाठी ते विचारू नकोस. पातं भावजींच्या पोटाला पुरेल एवढं आहे, मी मापून बघितलं.

प्रज्योत

---

डिचोली
९ जुलै

पज्या गाढवा,

असलं कागदावर लिहितात का? भाजीवालीच्या पाठीमागे उभी राहून वाचलं, आणि गिळायचं तेवढं बाकी ठेवलं. भेंडी समजून गिळलं असतं तरी चाललं असतं, एवढं वाईट अक्षर.

ऐक. हे रागीट आहेत, पण खाणी थांबल्यापासून यांचा ट्रक दारात उभा आहे, चाकं जमिनीत रुतली. माणूस घरात बसला की घर खातो. न्हाणीचं मी सांगितलं ते सांगितलं, आता ते उकरू नकोस. तू त्यांना भोसकशील, मग? तू आत, आई एकटी, आणि मला सगळे भावाने मारलेल्याची बायको म्हणून बघायला येतील. त्यापेक्षा धिरयो बघ. आणि पुन्हा रेडा पळाला की माणसासारखा पळ, वाकत बसू नकोस.

चाकू मात्र कर. पण तुझ्या मुठीचा नको, माझ्या मुठीचा कर. पातोळ्यांना हळदीची पानं कापायला होईल मला. मागच्या पानावर माझा उजवा हात ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवली आहे. त्या मापाने पट्टी घास. आईला दाखवू नकोस.

सेजल

---

इब्रामपूर
१८ जुलै

सेजलताय,

तुझ्या मुठीचा तर तुझ्या मुठीचा. एकदा हातात घेतलं की मला राहवत नाही, तुला माहीत आहे. हुरूप टिकतो तो दोनच दिवस, हे पण तुला माहीत आहे. पण या खेपेस टिकलो.

शिंग हॅक्सॉने उभं कापलं. घासताना असा वास, केस जळल्यासारखा. आई पडवीतून ओरडली, "मडें हाडलां रे घरांत?" मढं आणलंय वाटलं तिला. कापलेली पट्टी वाकडी असते, टोपण गोल ना. ती उकळत्या पाण्यात टाकून मऊ केली आणि दाबली, तर मधोमध तडकली. घाई केली. दुसरी पट्टी जास्त वेळ उकळवली, दोन लाद्यांमध्ये घातली, वर आपला रगडा ठेवला आणि विसरून गेलो. विसरलो म्हणून चांगली झाली. सपाट, काळी, मध्ये एक पिवळट रेघ, पावसात दिवा दिसावा तशी.

जुनी पट्टी काढायला स्क्रू बारीक, चांदणीच्या डोक्याचे. तसला पाना कोणाकडे नाही. शुक्रवारी म्हापशाला गेलो, तिथल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराने काढून दिले. मग त्याच्याशीच बोलत बसलो, तो बेळगावचा, त्याला समुद्रात पोहायला भीती वाटते. मग बाजारात एक माणूस मुंगूस घेऊन आला होता. ते राहू दे.

जुनी पट्टी शिंगावर ठेवून आखली, भोकं पाडली. आता वरचा आकार राहिला, तो तुझ्या हाताचा. आणि तिथे अडलो. तू करंगळी नि तिच्या शेजारचं बोट कशी काढलीस गो? दोन्ही बाहेर फेकलेली, मध्येच मोडलेली, कुर्लीच्या नांगीसारखी. चित्रकलेच्या सरांनी तुला उगाच नव्हतं मारलं. नीट काढून पाठव. असली बोटं असलेल्या माणसाला मूठ वळताच यायची नाही.

प्रज्योत

---

डिचोली
२३ जुलै

पज्या,

चित्र बरोबर आहे. मला मूठ वळता येत नाही.

जूनमध्ये तुला मी शेवटचा फोन केला, आठवतं? बोलता बोलता बंद झाला. तू म्हणशील रेंज गेली. तो मागे उभा होता. "कोणाक सांगता म्हज्यो गजाली?" म्हणाला. फोन आपटला तो नंतर. आधी माझा हात लोखंडी कपाटाच्या चौकटीवर धरला आणि दार लोटलं. मग उघडलं आणि परत लोटलं. यशोदा, माझी सासू, आत नारळ खोवत होती. खोवण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

हळद बांधली. दोन बोटं तशीच जुळली, जशी तू चित्रात बघितलीस. भाकरी थापते ती तीन बोटांनी.

हाताचं एकदाच झालं, विहीर मात्र रोजची. परसात धुणं धुवायच्या दगडापाशी आहे ती, कठडा गुडघ्याएवढा. मागच्या आठवड्यात मी पाणी काढत असताना मागून आला, केसांना धरून मला आत वाकवलं. बराच वेळ धरून ठेवलं. म्हणाला, "शेंवाळ पळय कितलें. पांय निसरलो म्हणपाक सोंपें." मग सोडलं आणि हसला. एक दिवस सोडणार नाही.

माहेरी पळून आले तर तो इब्रामपुरात येईल, तिथे तू असशील. दोघांतला एक मरेल आणि दुसरा तुरुंगात सडेल. मला ते नको. म्हणून चाकू पाठव आणि तू येऊ नकोस. मला तो त्याला मारायला नको आहे. पुढच्या वेळी त्या कठड्यावर माझे केस सुटायला हवेत, एवढंच.

मूठ त्या चित्रातल्या हाताची कर.

सेजल

---

इब्रामपूर
१२ ऑगस्ट

ताय,

मला मारायचं तर मार, पण मी गेलो होतो.

आधी चाकूचं सांगतो, मग ते. पट्टी तुझ्या हाताची केली. तुझी शेवटची दोन बोटं वळत नाहीत, म्हणजे मूठ मागून सुटणार. म्हणून मागच्या बाजूला शिंग जाडच ठेवलं, तळहातात रुतेल असं उंच, आणि पुढे अंगठ्याला खोलगट. दोन नळ्यांचा गोंद लावला, स्क्रू आवळले, घासला, बारीक कागदाने परत घासला, खोबरेल लावलं. मग मी माझी करंगळी नि शेजारचं बोट सुताने उलटी बांधली आणि परसातल्या केळीच्या बुंध्यात मारला. मुठीपर्यंत गेला. सात-आठ वेळा मारला. केळ पडली. आईने विचारलं तर रानडुक्कर म्हणालो.

चांगला झाला याच्याच आनंदात असायला हवं होतं. पण त्या केळीत मला विहीर दिसायला लागली. पुढच्या बसने डिचोली.

निखिल स्टँडजवळच्या गाड्यावर मिर्ची भजी नि पाव खात उभा होता. पाठ माझ्याकडे. कोणाला तरी सांगून हसत होता, मानेवर घाम, मान एवढी जवळ की केस मोजता आले असते. रेनकोटच्या आत मी चाकू उघडला. वाटलं, इथेच, बरगडीच्या खाली. हात मागे घेतला आणि मूठ माझ्या हातात फिरली.

तुझ्या हाताची ना ती! माझी बोटं मोकळी होती, पाचही वळतात. तो उंचवटा माझ्या तळव्यात बसेना, चाकू आडवा झाला आणि पातं माझ्याच हातात. तळहात उघडा पडला, अंगठ्याच्या मुळापासून. दुखलं पण नाही आधी, नुसता रेनकोटच्या बाहीतून ओघळ यायला लागला. गाड्यावरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. निखिल वळायच्या आत पांडुरंगमामाने मला कॉलर धरून बसमध्ये ओढलं. "चड भितर! बापायचें नांव बुडयतलो मरे तूं!" त्याचा टॉवेल गुंडाळला, म्हापशापर्यंत बसच्या पत्र्यावर रक्ताच्या थेंबांची रांग. मामा तिकिटं फाडत होता आणि प्रत्येक फेरीला मला टपली मारत होता.

आता मला कळलं, हा चाकू माझा नव्हेच. तुझाच.

चतुर्थीला तुझं माहेरचं पहिलं वजें घेऊन मी आणि आई येणार. नारळ, केळी, गणपतीवर बांधायला माटोळीची फळं, लाडू, तळलेल्या नेवऱ्या, सगळं. निळ्या झाकणाच्या डब्यात नेवऱ्यांच्या तळाला केळीच्या पानात चाकू असेल. तो डबा तू उघड. तुझ्या घरात मी हसत राहीन, शब्द देतो. निखिलच्या पाया पण पडेन.

प्रज्योत

---

डिचोली
३० ऑगस्ट

शहाण्या,

सुनेचं वजें सून उघडते असं तुला कोणी सांगितलं? कुठल्या गावात बघितलंस? वजें सासू उघडते, वाड्यावरच्या बायका गोल बसतात, माहेरच्यांनी काय दिलं ते बघतात, आणि मग घरोघर वाटतात! तू लग्नाच्या पंगतीत नेहमी भटजींच्या आधी जेवून पळालास, तुला कसं कळणार. आणि तू नि आई चहा पिऊन गेलात, मागे मी.

सासूने एकेक डबा उघडला. लाडवांना नावं ठेवली, नारळांना चांगलं म्हणाली. निळं झाकण काढलं. शेजारणींना द्यायला नेवऱ्यांच्या रांगा काढत गेली, काढत गेली, मी मोजत होते की श्वास घेत होते मला आठवत नाही. पान हाताला लागलं. तिने दाबून बघितलं. तिला कळलं, चेहऱ्यावरून दिसलं. निखिल उंबऱ्यात उभा होता.

"किदें गो यशोदा, नेवऱ्यो सोपल्यो?" एक शेजारीण म्हणाली.

"सोपल्यो खंय? तळाक चुरो जाला," सासू म्हणाली, आणि पदर डब्यावर ओढून डबा मांडीखाली घेतला. "म्हापशाच्यान हाडिल्लें तूप आसतलें. दुसरो डबो उकतो कर."

दुपारी तो जेवून आडवा झाला, तेव्हा ती परसात आली. मी भांडी घासत होते. कमरेच्या पानसुपारीच्या पिशवीतून चाकू काढला, उघडला, मिटला. तिची पण बोटं जाड, सांध्यांना गाठी आलेल्या. मूठ हातात धरून बघत राहिली.

"तुज्या भावाक अक्कल ना," म्हणाली. "पूण हात बरो आसा."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली की तिच्या नवऱ्यानेही तिला त्याच कठड्यावर वाकवलं होतं, निखिल तेव्हा पाळण्यात होता. मला वाटलं आता चाकू विहिरीत टाकेल. तिने माझ्या परकराच्या नाडीत खोचला आणि वर पदर नीट केला, सणाला मुलीचा करावा तसा.

सेजल

---

इब्रामपूर
५ सप्टेंबर

ताय,

मामाने आत्ता सांगितलं. निखिलला म्हापशाच्या हॉस्पिटलात घातलंय, हात नि मांडी कापलेली, पोलीस येऊन गेले. तू कशी आहेस ते मामाला माहीत नाही. तू लिहीत नाहीस.

मी सोमवारी डिचोलीला पोलिसांकडे जातो. सांगणार, मी केलं. चाकू माझा, धार मी लावली, माझ्या हातावर खूण पण आहे. माझं काय अडलंय? मोरजीला ताटं धुवायची, दुसरं काय. तू फक्त काही बघितलं नाही म्हण.

प्रज्योत

---

डिचोली
६ सप्टेंबर

पज्या,

जाऊ नकोस. हे आधी वाच, पुरतं वाच, आणि वाचलंस की चुलीत घाल.

बुधवारी बाजारात मी पांडुरंगमामाकडून तुझी चिठ्ठी घेताना निखिलने बघितलं. घरी काही बोलला नाही. दुपारी मी धुणं घेऊन विहिरीवर गेले आणि केस धरले गेले. "कंडक्टराकडसून किदें घेतलें? दाखय. ना? मगीर आंत दाखय." या खेपेस दोन्ही पाय जमिनीवरून सुटले होते. माझं पोट दगडावर, डोकं खाली, खालचं पाणी माझ्या तोंडाएवढं गोल दिसत होतं. मी डाव्या हाताने दगड धरला आणि उजव्याने नाडीतून चाकू काढला. अंगठ्याने उघडला. खटका लागला तो त्याने ऐकला. "हें किदें?" म्हणाला, खरंच विचारल्यासारखं.

मागे मारला तो मांडीत गेला. त्याने केस सोडले नाहीत, उलट पिळले. मग मी डोक्यावरचं मनगट कापलं. आडवं, दोनदा. आत काहीतरी ताणलेलं होतं ते तुटलं आणि बोटं आपोआप उघडली. मी दगडावर पडले, तो धुण्यावर. पांढरी बेडशीट होती, पज्या. सगळी भरली. तो हाताकडे बघत लहान पोरासारखा "आई, आई" करत होता.

मी उठले ते पुन्हा मारायला. तुला खोटं लिहीत नाही. मानेजवळ नेला होता. सासूने मागून माझा हात धरला. "पुरो," म्हणाली. "आतां म्हजें काम."

तिने त्याच्या हातावर पंचा आवळला. मग आत जाऊन आदोळी आणली, आम्ही मासे कापतो ती विळी. पातं त्या बेडशीटवर फिरवलं, आदोळी पडवीच्या पायरीवर ठेवली आणि वरून नारळ सांडले. चाकू घागरीत धुतला, तेल लावलं, स्वतःच्या पिशवीत टाकला. नंतर मुलाच्या तोंडाशी वाकली. "तूं आदोळेर पडलो. आयकलें? घर म्हज्या नांवार आसा. तोंड उगडशी जाल्यार पुलिसांक हांव हो बांयचो कठडो दाखयतलें, आनी हिचीं बोटां."

तो तेच सांगतोय. आईच्या भीतीने थोडं. जास्त म्हणजे बायकोने कापला हे चार ट्रकवाल्यांत कसं सांगणार. डॉक्टर म्हणतात तीन बोटं आता वळणार नाहीत.

पण एक पोलीस पुन्हा आला. त्याला आदोळी पटली नाही. म्हणाला, "बायलेचो भाव किदें करता?" तू रक्ताचा हात घेऊन बसमध्ये चढलास ते कोणीतरी त्याच्या कानावर घातलंय. तू सोमवारी तिथे जाऊन उभा राहिलास तर सासूची आदोळी खोटी पडेल, मी खोटी पडेन, आणि आपण तिघं आत. तुझं ते 'माझं काय अडलंय' तुझ्यापाशी ठेव.

मी त्याला म्हटलं, माझा भाऊ उंडगा आहे, पत्रात कुठल्या कुठे भरकटतो, कामाचं एक लिहीत नाही. तो म्हणाला, बघू एखादं पत्र. तेव्हा तसलं एक लिही. पोस्टाने, घरच्या पत्त्यावर. तो वाचणार, निखिल पण वाचणार. जन्मभर बडबडलास, आता एकदा कामाला येऊ दे.

सेजल

---

इब्रामपूर
९ सप्टेंबर २०२५

सौ. सेजलताय आणि ती. निखिल भावजी यांस,
यशोदामावशीला नमस्कार.

भावजी आदोळीवर पडले हे कळून आईने दोन दिवस नीट जेवण घेतलं नाही. सावकाश बरे व्हा. माझा पण हात बरा होतोय. मी ऑगस्टमध्ये डिचोलीला आलो होतो तेव्हा परतीच्या बसमध्ये चढण्याआधी तिथल्या एका मित्राकडे फणस कापून दिला, सुरी सटकली आणि तळहात फाटला. मामाच्या बसचा पत्रा सगळा खराब केला, तो अजून शिव्या देतो. ऑगस्टात कुठला फणस असं तुम्ही म्हणाल, तर शेवटचा होता, कुजलेला. गरे पण चांगले नव्हते.

इथे रानडुकराने आमची केळ पाडली. मी त्याला पकडायला खड्डा खणला, त्यात शेजाऱ्याचं वासरू पडलं. वासरू काढायला गेलो तर मीच आत. मग शेजारी आला आणि त्याने आधी वासरू काढलं. म्हापशाला मोबाईलवाल्या पोराला मी पोहायला शिकवणार होतो, त्याने पाण्यात पाय घातला आणि रडला. मुंगूसवाला माणूस पुन्हा आला, मुंगूस मात्र वेगळं होतं, पहिलं पळालं. असं सगळं चाललंय.

सांगायचं राहिलं. मोरजीचा शॅक ऑक्टोबरात उघडतो, मालकाने बोलावलं, मी नाही म्हटलं. तुमच्याकडे डिचोलीत टायरच्या दुकानात काम मिळालं. खोली पण बघितली, तुमच्या परसामागच्या गल्लीत. खिडकीतून विहीर दिसते.

भावजी, तुमचा हात आता कामाला यायचा नाही म्हणतात. तेव्हा काळजी करू नका. पाणी काढायला सकाळ-संध्याकाळ मी येत जाईन.

तुमचा,
प्रज्योत